बशी की डबा

अंधेरी पूर्व, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय सुऱ्या,

दिवाळीपासून तुझे फोन येतायत, मी ना उचलले ना उलटे केले. कारण काही नाही, नेहमीचा आळस. शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे आणि मग पुढचं वाच. माझी साखर होती तिथेच आहे, सुमनचा गुडघा बरा म्हणायचा. झालं तब्येतीचं.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही. आमच्या दोन खोल्यांत एक माणूस बोललं की चार माणसं ऐकतात, आणि ही गोष्ट घरातल्या कुणाला माहीत नाही. ती तुला आणि मला माहीत आहे. आपल्या गिरगावच्या हॉटेलमालक नानांना होती, ते गेले. मोरीवरचा बारकू तुझ्याकडेच.

गुरुवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस झाला. अमेय म्हणाला, या वेळी श्रीखंड-पुरी नाही, मी तुम्हाला जेवायला नेतो. काळा घोड्याजवळचं एक इटालियन रेस्टॉरंट. मरोळ नाक्याला भुयारी मेट्रोत बसलो ते थेट हुतात्मा चौकात उतरलो. मधे गिरगाव स्टेशन लागलं. आपण ज्या रस्त्यावर बादल्या ओतल्या, त्याच्या पोटातून मी एसीत बसून गेलो लेका. खिडकीला नाक लावून बघत होतो. बोगद्यात दिसणार काय, कपाळ?

हॉटेल मात्र देखणं. जुनी दगडी इमारत, उंच छत, आणि दिवे इतके मंद की मेनूकार्ड वाचायला मी मोबाइलची बॅटरी लावली. केतकीनं हळूच माझा हात खाली केला. सून गुणी आहे, बोलत नाही. तिनंच समजावलं की हे लोक आधी काहीतरी चटकमटक खातात, मग पास्ता नाहीतर भात, आणि मग मुख्य जेवण म्हणजे मासे-मटण. म्हणजे आपण ज्या पास्त्यावर पोट भरून घरी जातो, तो त्यांच्याकडे जेवणाची नुसती सुरुवात!

पाण्यावरून पहिली गंमत झाली. वेटरनं विचारलं, "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" सुमन म्हणाली, "बिसलेरी." अमेयनं डोळे मिटून घेतले. पण खरं सांगू, त्या टेबलावर अस्सल इटालियन ऑर्डर तिचीच. बिसलेरी हे एका इटालियन माणसाचं आडनाव, फेलिचे बिसलेरी. 1965 साली ते पाणी आपल्या मुंबईत काचेच्या बाटल्यांतून आलं आणि 1969 मध्ये पार्लेवाल्यांनी घेतलं. हे मी सांगायला लागलो तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, प्लीज."

आता त्या वेटरबद्दल. चोवीस-पंचवीसचा पोरगा, छातीवर पाटी 'सँडी'. तोंडात इंग्रजी गुळगुळीत. पण तो डाव्या हातावर तीन प्लेटा घेऊन आला ना, तेव्हा मी प्लेटांत काय आहे ते बघितलंच नाही. मी अंगठा बघितला. काठाच्या बाहेर! ग्लास उचलला तोही बुडाशी धरून. नानांनी फूटपट्टी मारून मारून शिकवलं ते याला कुणी शिकवलं असेल? तुझा अंगठा तर शेवटपर्यंत मिसळीच्या रश्श्यातच असायचा. नाना तुला 'तिखट हाताचा' उगाच नाही म्हणायचे.

अमेयनं सुमनसाठी ताग्लियातेल्ले की कायसं सांगितलं. सुमन कुणाकडेच न बघता म्हणाली, "आज गुरुवार आहे हं." अमेय म्हणाला, "व्हेजच आहे गं आई." सँडीनं लिहिता लिहिता पेन थांबवलं, जरासा वाकला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "काकू, अंडं चालतं का आज? हा ताजा पास्ता आम्ही इथेच करतो, त्यात अंडं असतं. सुका घ्या, तो नुसता रवा आणि पाण्याचा." आणि जाता जाता गोडाचंही सांगून गेला. तिरामिसूत कच्चं अंडं, पन्ना कोत्तात जनावरापासूनचं जिलेटिन, तुम्ही लिंबाचं सॉर्बे घ्या. सुमननं लगेच गाव विचारलं. लांजा. नाव संदेश. सुमनचं माहेर राजापूर, मग काय बघतोस, अमेयचा फोन वाजेपर्यंत आंब्याचा मोहोर चालला होता.

मी रिसोटो घेतला, मिलानकडचा केशराचा. अकराशे पन्नास रुपये. आसट भात रे! तूप-मेतकुटाच्या जागी लोणी आणि चीज, फक्त शीत मधोमध कणीदार ठेवतात. त्यासाठी आखूड जाड दाण्याचा तांदूळच वेगळा असतो, आर्बोरिओ नाहीतर कार्नारोली. तो धूत नाहीत, कारण दाण्यावरच्या पिठूळपणानंच त्याला दाटपणा येतो. पळीपळीनं गरम स्टॉक, म्हणजे भाज्या उकळलेलं पाणी, घालत पंधरा-अठरा मिनिटं समोर उभं राहून ढवळायचा. हे केतकीनं सांगितलं. मी खात होतो आणि डोक्यात एकच, की आत कुणी बारकू उभा असेल. (त्यात व्हाइट वाइनही घालतात. सुमनला मी बोललो नाही. तिनं दोन चमचे चाखले होते, गुरुवारचे.)

चव? छान होती. दुसऱ्यांदा स्वतःच्या पैशानं खाईन का, तर नाही.

जेवण झालं आणि माझे हात चालायला लागले. मी मुद्दाम केलं नाही. मोठी प्लेट खाली, उरलंसुरलं एकात, काटे-चमचे एका अंगाला, वर छोट्या प्लेटा. संदेश टेबलावरचे पावाचे कण स्टीलच्या बारीक पट्टीनं गोळा करत होता. त्यानं रचलेल्या प्लेटा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं आणि हसून विचारलं, "काका, हॉटेल लाइनमध्ये होतात का?"

मी तोंड उघडायच्या आत अमेय म्हणाला, "बाबा बँकेत होते. मॅनेजर म्हणून रिटायर झाले." खोटं काय आहे त्यात? काहीच नाही. मी पाणी प्यायलो.

मग बिल आलं. जेवण 9,400, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 940, आणि दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. एकूण 10,857. अमेयनं फोल्डर मिटून परत दिला आणि म्हणाला, सर्व्हिस चार्ज काढा. संदेश मॅनेजरला घेऊन आला. अमेयचा आवाज चढला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगतो. तो आपला पाढे म्हटल्यासारखा बोलत होता. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं, बिलात आपोआप लावता येत नाही, दिल्ली हायकोर्टानं मार्च 2025 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय, 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावू का. मॅनेजरनं वाद घातला नाही. नवीन बिल आलं, 9,870. अमेयनं मोबाइल टेकवला, पैसे गेले, आम्ही उठलो. टेबलावर एक रुपया नाही.

बाहेर मी म्हणालो, त्या पोराला काहीतरी द्यायचं होतंस. तर म्हणतो, "कॅश असते कुणाकडे बाबा? आणि पगार मालकानं द्यायचा, मी का देऊ?"

सुऱ्या, कायद्यानं पोरगा शंभर टक्के बरोबर आहे. पगार मालकानंच द्यावा. गिऱ्हाइकाला न विचारता पैसे कापायचे आणि ते वाढणाऱ्याला पोचतात की गल्ल्यात मुरतात ते कुणाला कळू द्यायचं नाही, ही लबाडीच. मी बँकेत असतो तर अशा हिशोबावर लाल पेनानं रेघ मारली असती. पण तो हे सगळं बोलत होता तेव्हा संदेश दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि अमेयकडे नाही, माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. आपण कसे बघायचो, गल्ल्याकडे "आगे तीन माणसं, साडेअकरा" असं ओरडून झाल्यावर गिऱ्हाईक बडीशेपेच्या बशीत काही टाकतंय का ते? न बघितल्यासारखं बघणं. तेच. त्या पोराला कळलं होतं रे.

तेव्हापासून झोप नाही. मला आपलं 82 चं भांडण आठवतंय. गिरण्यांचा संप सुरू झाला, गिऱ्हाईक आटलं, बशीत नुसती बडीशेप उरायला लागली. तू म्हणायचास ज्याची बशी त्याचे पैसे. मी म्हणायचो डबा करा, शनिवारी वाटा, म्हणजे मोरीवरच्या बारकूलाही मिळतील. तू मला 'कम्युनिस्ट' म्हणालास. वर मी डब्यातून पाच रुपये मारले असंही म्हणालास. ते मी मारले नव्हते, आजही सांगतो, मंग्यानं मारले होते, आणि तू त्याच्याबरोबर पिक्चर बघून आलास. तेव्हा आपण महिनाभर बोललो नव्हतो, तरी टेबलं एकमेकांची सांभाळली.

आता बघ, सर्व्हिस चार्ज म्हणजे माझाच डबा की. आत ढवळणाऱ्यालाही वाटा मिळावा म्हणून. तो डबा माझ्याच मुलानं कायद्यानं बंद करवला. आणि तुझी बशी? ती मोबाइलनं नेली. तुला हसू येईल. मलाही येतं, रात्री दोन वाजता.

सुमनला मी लग्नात इतकंच सांगितलं होतं की नाइट कॉलेज करताना गिरगावात नोकरी होती. लपवलं असं नाही, कुणी पुढे विचारलंच नाही. आता सांगायचं तर कसं? मी आज सांगितलं तर अमेयला वाटेल, बाबा त्या 987 रुपयांचा हिशोब मागतोय. तो मनाला लावून घेईल, पुन्हा तिथे जाऊन हजाराची टिप ठेवून येईल, आणि मला ते नकोय. त्यानं मला वाईट वाटतं म्हणून देऊ नये. त्याला त्या पोराचा अंगठा दिसायला हवा होता, आणि तो दिसण्यासारखं मी त्याला वाढवलेलं नाही. त्याला मी कायम बसलेल्या खुर्चीतूनच सगळं दाखवलं. यात चूक कुणाची, ते मला ठरवायचं नाही. पण टोचतं.

तुझं कसं चाललंय? प्राचीच्या व्हिसाचं झालं का? तुझ्या त्या पाठीला पट्टा लाव, औषधं घे, आणि नवीन फ्रायरसाठी कर्ज काढणार असलास तर व्याजदर मला आधी पाठव, सही करून मग पाठवू नकोस.

मार्चमध्ये तू येतोयस. दोन पेग पोटात गेले की तू नाना, फूटपट्टी, मिसळ सगळं बाहेर काढणार, हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं तुला सांगलीत ठेवलं म्हणून तर निभलं. तर विचार करून कळव. त्याआधी मी सांगून टाकू, की तुझ्यावर सोडू? तू सांगशील तर सगळे हसतील आणि काम होईल. मी सांगेन तर घरात कोर्ट भरेल. मला वाटतं तूच सांग, पण बिलाचं काढू नकोस. अंगठ्यापासून सुरुवात कर.

उत्तर पत्रानंच पाठव. आणि तू आता स्वतः मालक झालायस, तर तुझ्या हॉटेलात बशी आहे की डबा, तेही खरं खरं लिही. बारकूला मी वेगळं विचारणार आहे.

तुझा,
पम्या