घड्याळाच्या काचेतला चेहरा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

गणपती झाले की लिहितो असे म्हणालो होतो आणि आता होळी आली. त्याबद्दलच्या तुझ्या शिव्या पोचल्या असे धरून चालतो. आईचा गुडघा तसाच आहे, माझी साखर आटोक्यात आहे. पत्राचे कारण असे आहे की ते घरात कुणाला सांगून उपयोग नाही, कारण ‘रॉ डील’ या जुन्या हॉलिवूडपटातले घड्याळ येथे माझ्याखेरीज कुणी पाहिलेले नाही.

मी कॅमेरा सांभाळतो त्या आमच्या मालिकेत गेल्या महिन्यात एक प्रसंग आला. धाकट्या सुनेला एक गोष्ट कळली आहे; सांगावी तर नवरा हातचा जातो, न सांगावी तर दुसऱ्या बाईचा जीव जातो. वाचताक्षणी मला ‘रॉ डील’मधली, जहाजाच्या केबिनमधली नटी क्लेअर ट्रेव्हर आठवली, घड्याळाच्या काचेत उमटलेला तिचा तो चेहरा आणि पुढे सरकणारे काटे. मी नटीला घड्याळासमोर उभे केले, एकच बेबी, म्हणजे छोटा दिवा, लावला, चहूबाजूंनी उजेड अडवणारे कटर उभे केले आणि मागची खोली काळी सोडली. आमच्या म्हाताऱ्या लाइटमनने विचारले, “साहेब, बाकीचे लाइट घरी पाठवू का?” मला धन्य वाटले, थोडक्या दिव्यांवर भागवतो म्हणून ‘रॉ डील’चा छायाचित्रकार जॉन ऑल्टन याच्यावरही हॉलिवूडचे लाइटवाले असेच खार खाऊन असत.

प्रसंग प्रक्षेपित झाला तेव्हा मी ताट समोर घेऊन बसलो होतो. डीआयमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग दुरुस्त करतात तेथे, कुणीतरी सगळा काळा रंग उचलून राखाडी करून टाकला होता. काचेत चेहरा उमटतो तो भोवती अंधार असतो म्हणून. त्यामुळे चेहरा गेला, नुसती तबकडी उरली, आणि मागे सेटच्या भिंतीचा जो फ्लॅट मी अंधारात गाडला होता त्याचे न रंगवलेले प्लायवूड आणि त्यावर सुताराने पेन्सिलीने लिहिलेले ‘किचन 2’ हे सबंध महाराष्ट्राने वाचले.

आता तू हसशील आणि ते जुने भांडण उकरून काढशील. ऑल्टननेच चित्रित केलेला ‘द बिग कॉम्बो’ पाहून आपण लॉ कॉलेज रस्त्याने चालत निघालो होतो, तेव्हा तू म्हणाला होतास की शेवटी ते धुके, तो फिरणारा दिवा आणि त्या दोन काळ्या आकृती एवढेच आहे, कारण विमानतळ बांधायला पैसे नव्हते. ऑल्टनचा अंधार म्हणजे निर्मात्याची गरिबी झाकणारी गोधडी आहे. मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही, चौथ्या दिवशी मिसळीचे पैसे तू दिलेस म्हणून बोललो. त्याच्याच ‘टी-मेन’मध्ये वाफेच्या खोलीत माणूस कोंडून मारतात, तेथे झाकण्यासारखे होते तरी काय, हा माझा सवाल तू अजून टोलवतोस. एमजीएम स्टुडिओने त्याला पैसा दिला आणि 1951 च्या ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’मधल्या रंगीत बॅलेसाठी आल्फ्रेड गिल्क्सच्या जोडीने ऑस्कर मिळाले, हे मी पुरावा म्हणून सांगितले, तर तू म्हणालास, “बघ, पैसे मिळताच दिवे लावले की नाही?” ‘किचन 2’ पाहिल्यापासून मला तुझे ते बोलणे फार लागते आहे, कारण मीही प्लायवूडच झाकत होतो की काय, याचा छडा लागत नाही.

खरे दुखणे पुढचे आहे. दुसऱ्या दिवशी मला सांगण्यात आले की लोक मालिका फोनवर पाहतात, तेव्हा यापुढे कोपरान् कोपरा उजळलेला हवा. मी “हो” म्हणालो. भांडलो नाही, सुधीर, चहाचा कपसुद्धा आपटला नाही. त्या रात्रीपासून मी ऑल्टनच्या वयाचा हिशेब करतो आहे. हंगेरीतल्या शोप्रोनमध्ये 1901 साली जन्म, शेवटचा चित्रपट ‘एल्मर गॅन्ट्री’ 1960 चा. म्हणजे साठी गाठण्याआधीच गड्याने मोठा पडदा सोडला. पुढे तीसेक वर्षे तो फारसा कुणाला दिसला नाही आणि 1993 मध्ये नव्वदी ओलांडलेला हा गृहस्थ अमेरिकेतल्या टेल्युराइडच्या चित्रपट महोत्सवात अवतरला. माझे वय बावन्न, घराचे सहा वर्षांचे हप्ते बाकी. असे उठून जायला मानी असावे लागते की गाठीला पैसा असावा लागतो?

तू आठवण करून देण्याआधी मीच कबूल करतो: 1966 मध्ये तो एकदा परतला होता, आणि तेही टीव्हीसाठी, ‘मिशन: इम्पॉसिबल’च्या पहिल्या भागाकरिता. तीन रात्री मी हे साल हिशेबातून सोयीस्करपणे वगळले होते.

नाशिकचे घर झाले हे ऐकून आनंद वाटला. चिनूच्या प्रवेशाचे काय झाले ते कळव. वहिनींना नमस्कार सांग.

नवा करार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सहीसाठी येईल. त्याआधी ऑल्टनच्या ‘पेंटिंग विथ लाइट’ या पुस्तकाची ती झेरॉक्स तुझ्या चहाच्या डागांसकट पाठव. सोबत ‘किचन 2’चा फोटो जोडला आहे. वहिनींना दाखवू नकोस.

तुझा,
अरविंद