मन्यास पत्र: मीटिंग संपेपर्यंत बसणारा माणूस

प्रिय मन्या,

लिहितो लिहितो म्हणता दोन महिने गेले, शिव्या घालू नकोस. परवा इथे मेलबर्नात सेंट पॅट्रिक कॅथेड्रलवरून जाताना आर्चबिशप मॅनिक्सचा पुतळा दिसला आणि एकदम तुझे अण्णा आठवले, लाल बावट्याचे पक्के. त्यांच्यापुढे मॅनिक्सच्या चेल्याचं नाव काढू नकोस, चहा पण मिळायचा नाही.

चेला म्हणजे बॉब सान्तामारिया. इथल्याच ब्रन्सविक उपनगरातल्या इटालियन फळवाल्याचा पोरगा, जन्म १९१५, वकिली शिकलेला. दुसऱ्या महायुद्धात ह्याने गुपचूप एक कॅथलिक संघटना उभी केली, लोक नुसतं 'मूव्हमेंट' म्हणायचे. तेव्हा खाणी, गोदी, लोखंड-पोलाद, सगळीकडे युनियनमध्ये कम्युनिस्टांचा वट. मीटिंगा मुद्दाम ताणायच्या, सकाळची पाळी असलेले बिचारे जांभया देत घरी गेले की उरलेल्यांनी हात वर करायचे, ठराव पास! ह्याने चर्चला येणारे कामगार हेरले आणि त्यांना सांगितलं, शेवटपर्यंत बसायचं, मत द्यायचं, मग घरी. म्हणजे बघ, कम्युनिस्टांचीच युक्ती, फक्त गळ्यात क्रूस.

आणि चाललं की रे ते. १९४५ पासून लेबर पार्टीनेच, म्हणजे इथल्या कामगारांच्या पक्षाने, कम्युनिस्टांशी लढायला युनियनमध्ये 'इंडस्ट्रियल ग्रुप' नावाचे गट काढले, त्यात ही माणसं शिरली. लोखंड कामगारांच्या युनियनमध्ये तर मतपत्रिका खोट्या निघाल्या, १९५१ ला कोर्टाने लॉरी शॉर्टला सेक्रेटरी ठरवलं, आणि गंमत म्हणजे हा शॉर्ट जुना ट्रॉट्स्कीवाला, म्हणजे स्टॅलिनविरोधी गटातला का होईना, एकेकाळचा कम्युनिस्टच!

पण मग डोक्यात हवा गेली. १९५२ च्या डिसेंबरात मॅनिक्सला पत्र लिहून सांगतो, पाच-सहा वर्षांत लेबरचं नेतृत्वच बदलून टाकू. स्वतः पार्टीचा मेंबर नाही, कधी निवडणूक लढला नाही, आणि ही भाषा! १९५४ ला निवडणूक हरल्यावर लेबरचे पुढारी डॉ. एव्हॅट ह्या लोकांवर जाहीर तुटून पडले, पुढच्या वर्षी पार्टी फुटली. फुटलेल्यांची डेमोक्रॅटिक लेबर पार्टी, डीएलपी, झाली. इथे मतं पसंतीक्रमाने देतात, आपल्या विधान परिषदेसारखी, आणि डीएलपीवाले दुसरी पसंती लिबरलांना द्यायचे. दिल्लीची खुर्ची म्हणतो तशी कॅनबेराची खुर्ची लेबरला थेट १९७२ ला मिळाली. कामगारांना वाचवायला निघालेल्या माणसाने मालकांच्या पार्टीला इतकी वर्षं गादीवर बसवलं, मला तरी हे पचत नाही.

१९९८ ला गेला तेव्हा ह्याच कॅथेड्रलमध्ये सरकारी इतमामाने निरोप दिला.

अण्णांना एवढंच विचार, त्यांच्या युनियनच्या मीटिंगा रात्री किती वाजता संपायच्या?

तुझा,
बंड्या