घर सजवायची घाई नको

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बावधनच्या फ्लॅटची चावी मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. डिझायनरची थ्रीडी चित्रंही निवांत पाहिली. करड्या भिंती, टीव्हीमागे पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल, फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेले दिवे. देखणं आहे सगळं, पण त्यात तू कुठेच दिसला नाहीस. तू जमिनीवर मांडी घालून तबला वाजवणारा, पाहुण्यांना ओट्यापाशीच चहा पाजणारा. त्या पांढऱ्या सोफ्यावर बसणार कोण?

माझं ऐकशील तर भिंतीला ठोकायचं फर्निचर सध्या थांबव. गाद्या, स्वयंपाकघर आणि पुस्तकांचे खोके घेऊन राहायला जा. पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिलचं ऊन कुठवर येतं, पेपर वाचायला आपसूक कुठे बसतोस, चपला कुठे साचतात, ते बघ. कपाटं कुठे हवीत ते त्यावरून कळेल. रंगाचंही तसंच. शेडकार्डावरचा चौकोन फसवा असतो. भिंतीवर हातभर पट्टा मारून तो सकाळी, भर दुपारी आणि रात्री पिवळ्या दिव्यात बघ. उन्हाळ्यात थंड वाटणारा करडा रंग आपल्या पावसाळी अंधारात फार उदास दिसतो.

'वाडा लूक'च्याही नादी लागू नकोस. वाड्यातले कोनाडे जाडजूड भिंतींच्या पोटात होते, त्यात पणती ठेवायचे. फ्लॅटच्या सहा इंची भिंतीवर चिकटवलेली महिरप म्हणजे नुसती चौकट. त्यापेक्षा ओसरीवरची बैठक उचल. गादी, लोड, मोकळी जमीन. तुझ्या तबल्याला तेच शोभतं. आजीचं शिसवी फडताळही गावाहून आण, पॉलिश न करता.

एकदा शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालयात जाऊन ये. दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे सगळा संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने केला. तिथल्या अडकित्त्यांपाशी वेळ काढ. काम एकच, सुपारी कातरायचं, पण घडवणाऱ्याने प्रत्येकाला वेगळं रूप दिलंय. रोज हाताळायच्या वस्तूवर इतका जीव लावलेला पाहिला की दुकानातली शोभेची फुलदाणी घ्यावीशीच वाटत नाही. आवड अशीच तयार होते रे, पुष्कळ बघून आणि थोडंच घेऊन.

तिथून कसब्यात तांबट आळीत जा. मठारकाम चालू असेल तर थांबून बघ. कारागीर भांडं खरवईवर, म्हणजे लोखंडी ऐरणीवर, धरून फिरवत राहतो आणि हातोडीचे ठोके ओळीने, एकाला एक लागून पडत जातात. त्या ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, भांड्याला बळकटी येते, आणि प्रत्येक खळगीत उजेड वेगळा चमकतो. मी तिथून पाण्याचा हंडा घेतला, तो आमच्या जेवणघराच्या खिडकीत असतो. शोभेसाठी म्हणून दुसरं काही तिथे ठेवावंसं वाटलं नाही. चिंच-मिठाने घासावा लागतो, पण ते काम मला आवडतं.

डिझायनरला दुखवू नकोस. वायरिंग आणि स्वयंपाकघराचं काम त्यांच्याकडून नीट करून घे, त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पॉइंट मात्र जास्तीचे काढून ठेव, पुढे दिवे हलवता येतील.

येत्या रविवारी मोकळा असशील तर कळव. जुन्या बाजारात सकाळी लवकर जाऊ, तुझ्या बैठकीजवळ ठेवायला बसकं लाकडी स्टूल शोधायचंय.

तुझाच,
मित्र