आन्या, माझ्या आईला तुझी गोष्ट सांगितली

प्रिय आन्या पॅर्शॉन,

गेल्या दिवाळीत सांगलीला मी माझ्या आईला तुझी, स्वीडनच्या स्की-शर्यतपटूची, सगळी कारकीर्द सांगितली. ती सांगता सांगता माझ्या मुलीबद्दलची एक गोष्टही तिच्या कानावर घालता आली. आमच्यापैकी कुणालाच ती सांगणं जमत नव्हतं. त्यासाठी तुझे आभार मानायला हे पत्र, लेकीची परवानगी घेऊनच लिहितेय.

माझी मुलगी स्वीडनमधल्या ऊमेओत वाढली, तुझ्या जन्मगावी. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी आमच्या टीव्हीवर तूच असायचीस. जून 2012 मध्ये, शर्यती सोडून तीनच महिने झाले होते तेव्हा, तू स्वीडिश रेडिओवर सांगितलंस की गेली पाच वर्षं तू आणि फिलिप्पा एकत्र आहात आणि तुम्हाला बाळ होणार आहे. तो कार्यक्रम माझ्या मुलीने खोलीचं दार लावून ऐकला होता. मला हे बऱ्याच वर्षांनी कळलं, तिने स्वतःबद्दल सांगितलं तेव्हा.

आम्हा दोघांना सांगून झालं, पण आजीला कोण सांगणार? आई ऐंशी ओलांडलेली. बर्फ तिने टीव्हीतच पाहिलेला.

मी तॅर्नाबीपासून, तू जिथे वाढलीस त्या गावापासून, सुरुवात केली. वस्ती जेमतेम पाचशेची, गावाच्या मागेच स्कीचा उतार. स्कीच्या 86 वर्ल्ड कप शर्यती जिंकणारा इंगेमार स्टेनमार्क तिथलाच, स्कीपटू स्टिग स्ट्रांडही तिथलाच. "म्हणजे आपल्याकडे पैलवानांचं गाव असतं तसं," आई म्हणाली. तुझे वडीलच तुझे प्रशिक्षक होते हे ऐकल्यावर तर तू तिला ओळखीतल्या घरची वाटायला लागलीस.

सतराव्या वर्षी तू वर्ल्ड कपची पहिली शर्यत जिंकलीस, ती स्लालमची. स्लालममध्ये खांब जवळजवळ रोवलेले असतात, अंग सारखं डावी-उजवीकडे वळवत यायचं. डाउनहिलमध्ये ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग. एकीचं कसब दुसरीत फारसं कामाला येत नाही, म्हणून बहुतेक जण एकदोन प्रकारच धरून बसतात. तू मात्र 2007 च्या जागतिक स्पर्धेत स्वीडनमधल्याच ओरेला, आपल्या माणसांसमोर, सुपर-जी (डाउनहिलसारखीच वेगाची, पण जास्त वळणांची शर्यत), सुपर कंबाइन्ड (एक डाउनहिल आणि एक स्लालम मिळून) आणि डाउनहिल अशी तीन सुवर्णपदकं घेतलीस. स्की-शर्यतींच्या पाचही प्रकारांत जगज्जेती झालेली पहिली खेळाडू तू! 2005 चा एकूण वर्ल्ड कप, म्हणजे हंगामभराच्या शर्यतींचे गुण मिळवून ठरणारा चषक, तू क्रोएशियाच्या यानित्सा कोस्तेलिचच्या पुढे अवघ्या 3 गुणांनी राहून जिंकलास, हे सांगितल्यावर आईने तीन बोटं वर करून खात्री करून घेतली. आणि जिंकल्यावर तू पालथी पडून पोटावर घसरत जायचीस ना, तो व्हिडिओ तिने मला पुन्हा पुन्हा लावायला लावला.

मग कॅनडातलं व्हिस्लर. फेब्रुवारी 2010, ऑलिंपिकची डाउनहिल. शेवटच्या उंचवट्यापर्यंत तू पदकात होतीस. तिथे तोल मागे गेला आणि तू जवळजवळ साठ मीटर हवेतून जाऊन आदळलीस. आईने तोंडावर पदर धरला. दुसऱ्या दिवशी तू त्याच डोंगरावर परत उभी राहिलीस, आधी डाउनहिल, मग स्लालम, आणि सुपर कंबाइन्डचं कांस्य घेऊन आलीस. 42 वर्ल्ड कप विजय आणि 2006 च्या ट्युरिन ऑलिंपिकचं स्लालमचं सुवर्ण एका बाजूला ठेवलं, तरी मला ते कांस्यच मोठं वाटतं. आईलाही तेच वाटलं.

आणि मग तिने आपणहून विचारलं, "पुढं लग्न केलं का गं तिनं?"

"केलं. 2014 मध्ये. फिलिप्पा नावाच्या मुलीशी. दोन मुलगे आहेत त्यांना."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. हातातली वात वळून पूर्ण केली. मग म्हणाली, "कामाला गेल्यावर पोरांकडं कोण बघतं?" तिच्या दृष्टीने पुढचा प्रश्न हाच होता. त्याचं उत्तर देता देता मी लेकीचं आणि तिच्या मैत्रिणीचं सांगून टाकलं. आईने नातीच्या मैत्रिणीचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि ती शाकाहारी आहे का ते विचारलं.

आन्या, कारकिर्दीत पाच वर्षं तू हे मनात ठेवलंस. ते किती जड गेलं असेल, हे मला मुलीकडे पाहून कळतं. तू ते सगळ्या देशासमोर, स्वतःच्या आवाजात सांगितलंस, म्हणून मला सांगलीच्या स्वयंपाकघरात ते एका जिद्दी खेळाडूच्या गोष्टीतलं साधं वाक्य म्हणून सांगता आलं. नुसतं समजावून सांगत बसले असते, तर आईने मान डोलावली असती आणि विषय तिथेच संपला असता.

डिसेंबरात दोघी सांगलीला निघाल्यात. तुझी ओरेची डाउनहिल पूर्ण बघायची असं आजीने बजावलंय, तेव्हा त्या शर्यतीचा व्हिडिओ दोघी फोनवर घेऊन जाणार आहेत. फिलिप्पाला आणि मुलांना आमच्या घराचा नमस्कार सांग.

तुझी मनापासून आभारी,
ऊमेओतली एक आई