कार्डातला बर्फ कोणत्या रंगाचा दिसतो, ते कळवा

शिकागो, शनिवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा गुरुवारी बर्फ पडत असताना मी काका-काकूंबरोबर बाहेर जेवायला गेले होते, आणि जे तुम्हाला सर्वांत आधी सांगायला हवे होते ते तिथे त्यांना सांगून बसले. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे. काका म्हणाले, "फोनवर तू तीन वाक्यांत उरकशील आणि तुझे बाबा नुसते 'बरं' म्हणून फोन ठेवतील, कागदावर लिही." म्हणून लिहिते आहे. मी इथल्या नोकरीचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला आहे. चैत्रात कायमची परत येईन असे मी म्हटले होते, ते आता होणार नाही. चैत्रात मी येईन, पण वीस दिवसांसाठी. तिकीट काढून ठेवले आहे.

बाबा, हा निर्णय मी घाईने घेतलेला नाही. या दोन वर्षांत माझ्या शिक्षणाचे कर्ज पुरते फिटेल आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरेल. मोठे वावर माझ्यामुळे अडकून पडले आहे, ही गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाही, पण मला ती रोज आठवते. विहिरीच्या वेळी जे झाले ते आईला पुन्हा पाहावे लागू नये, एवढेच माझ्या मनात आहे. शिवाय इथे जे काम हाती आहे ते अर्धवट सोडून आले, तर तिकडे नागपुरात किंवा पुण्यात मला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल. हे सगळे मी काकांनाही सांगितले आणि सांगताना माझ्याच लक्षात आले की मी एकच गोष्ट तीनदा सांगते आहे. तुमच्यापासून दूर राहण्याची मला हौस नाही, हे मात्र तुम्ही दोघांनी नक्की धरून चाला.

आई, थंडीची काळजी करू नकोस. त्या दिवशी बाहेर उणे बारा अंश होते, पण माझ्या खोलीत रात्रंदिवस एकवीस अंशांची ऊब असते, इतकी की तू दिलेली वाकळ मध्यरात्री पायाशी सरकवावी लागते. बुटांचे तळवे खरबरीत आहेत, रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि काका मला दारापर्यंत सोडल्याशिवाय गाडी वळवत नाहीत. जेवणाचीही आबाळ नाही. गुरुवारी आम्ही चिनी वस्तीत गेलो होतो. तिथल्या कमानीवर चार चिनी अक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ जग सर्वांचे आहे असा होतो, हे काकांनी मला बर्फात उभे करून सांगितले. खाणावळीत काकूंनी आधीच विचारून घेतले होते की कशातही मांस-मासळीचा रस्सा नको, तेव्हा घरच्या माळेचा मान मी राखला आहे. मेजाच्या मध्यभागी काचेची मोठी गोल तबकडी असते. ती फिरवली की हवा तो पदार्थ आपल्यासमोर येतो, कोणाला वाढायला उठावे लागत नाही. मला तुझी आठवण झाली, कारण तू आजवर आमच्याबरोबर पहिल्या पंगतीला बसलेली नाहीस.

पदार्थांमध्ये सोयाबीनच्या दुधापासून पनीरासारखे केलेले तोफू होते. बाबा, जे सोयाबीन आपल्या वावरातून निघते, थेट बाजार समितीत जाते आणि ज्याचा एक दाणाही आपल्या चुलीवर शिजत नाही, ते मूळचे चीनचेच आहे. तिकडची माणसे शेकडो वर्षांपासून ते अशा रीतीने खात आली आहेत. त्यावर एका प्रकारची मिरी घालतात, तिने अक्कलकाढा चघळल्यासारखी जीभ झिणझिणते. तिखटपणात मात्र आईच्या ठेच्याशी तिची बरोबरी होणार नाही. मग कोबी आणि गाजराचे सारण भरलेल्या, वाफवलेल्या करंज्यांसारखा एक पदार्थ आला. त्याच्या कडेची मुरड पाहिली आणि मी काही वेळ बोललेच नाही. दिवाळीत तुझ्या शेजारी पाटावर बसून मी घातलेली मुरड तेलात उघडायची, आणि त्या फुटक्या करंज्या बाबांच्या ताटात वेगळ्या वाढल्या जायच्या, कारण बाबांना त्याच हव्या असायच्या. काकूंना हे सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या ताटातली एक उचलून मुकाट्याने माझ्या ताटात ठेवली.

पण ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले ते जेवणाच्या आधीचे आहे. गुरुवारी इथले कलासंग्रहालय रात्री आठपर्यंत उघडे असते, म्हणून आम्ही आधी तिथे गेलो. ही तीच इमारत, जिथे ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले. ज्यांची तसबीर आपल्या बैठकीत आहे त्यांच्या पावलांवरून मी चालले, याचा तुम्हाला आनंद होईल. आत क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची शेतातल्या गंज्यांची चित्रे आहेत. त्याने १८९०-९१ मध्ये घराजवळच्या शेतातल्या गंज्या पुन्हा पुन्हा रंगवल्या: सकाळच्या, मावळतीच्या, बर्फातल्या. त्यांतली सहा चित्रे या एका संग्रहालयात आहेत. या गंज्या कडब्याच्या नाहीत, गव्हाच्या आहेत; मळणीची पाळी येईपर्यंत ओंब्यांसकट पेंढ्या रचून वर गवताने शाकारून ठेवत. बर्फातल्या गंजीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. बर्फ पांढरा असतो असे आपण म्हणतो, पण त्या चित्रात तो निळसर आहे, जांभळट आहे, कुठेकुठे गुलाबी आहे, आणि बाहेर आल्यावर दिव्याखालचा बर्फ खरोखरच तसा दिसला.

तिथे काकूंनी सांगितले की ही नजर असलेल्या माणसाला पुढे मोतीबिंदू झाला. १९१२ मध्ये निदान झाले, पण शस्त्रक्रियेच्या भीतीने त्याने ती टाळत टाळत १९२३ पर्यंत नेली, तोवर तो ८२ वर्षांचा झाला होता. मधल्या वर्षांत त्याच्या चित्रांतले रंग तांबडे-तपकिरी होत गेले, कारण पिवळ्या पडलेल्या भिंगातून त्याला जगच तसे दिसत होते. बाबा, हे ऐकताना मला दिवाळीतला दादाचा फोन आठवला. आईने भिंतीला पांढराशुभ्र चुना दिला होता आणि तुम्ही विचारले होते की भिंत पिवळी का दिसते. यंदा वेचणीच्या वेळीही तुम्ही चांगल्या कापसाला कवडी म्हणून बाजूला काढलेत. जो माणूस चिमटीत बोंडाचा धागा धरून प्रत सांगतो, त्याच्या हातून असे होते तेव्हा दोष कापसाचा नसतो.

म्हणून आता मी सांगते तसे करा. मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा लागतो ही समजूत आता जुनी झाली आहे. मोनेच्या काळी डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग नव्हते, ते १९४९ मध्ये प्रथम बसवले गेले; त्याला शस्त्रक्रियेनंतर दिवसच्या दिवस हालचाल न करता पडून राहावे लागले आणि पुढे जाड भिंगांचा चष्मा लावावा लागला. तुम्हाला बहुधा त्याच दिवशी घरी सोडतील. काकांनी गेल्या वर्षी दोन्ही डोळे करून घेतले. मी आल्यावर करू, असे म्हणू नका. उन्हाळ्याची धूळ उडायच्या आत, माघातच करा; दादाला तारीख घेऊन ठेवायला मी सांगितले आहे. पैसे त्याच्या खात्यावर पाठवले आहेत, ते बियाण्यांत घालू नका. तोपर्यंत जागलीला जायचे नाही. रोही आणि रानडुकरे हरभरा खातात ते खाऊ द्या. रात्री धुऱ्यावरून चालताना तुम्हाला विहिरीचा काठ दिसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मोटार रात्री सुरू करायची असेल तर दादा जाईल. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी टाका, डोक्यावरून पाणी घेऊ नका, वाकून ओझे उचलू नका. आई, तू हे सगळे पाहा आणि त्या गडबडीत स्वतःच्या गुडघ्याचे तेल आणि रक्तदाबाची गोळी विसरू नकोस. तुम्हाला हुकूम सोडण्याएवढी मी मोठी झालेली नाही, पण इतक्या दूरून सेवा करता येत नाही, तेव्हा एवढे तरी ऐका.

पत्रासोबत त्या बर्फातल्या गंजीचे कार्ड ठेवले आहे. बाबा, शस्त्रक्रियेच्या आधी ते ओसरीवर उजेडात धरून पाहा आणि बर्फ कोणत्या रंगाचा दिसतो ते आईकडून कागदावर लिहून घ्या. नंतर पुन्हा पाहा, आणि तेव्हाचा रंग मात्र तुमच्या स्वतःच्या अक्षरात मला कळवा.

तुमची
धाकटी