आबा, त्या ३:४० बद्दल

आबा, नमस्कार.

प्रबंधाची तोंडी परीक्षा गेल्या आठवड्यात उरकली. हे पत्र तिच्याआधीच लिहायचं होतं, पण दर वेळी दोन ओळी झाल्या की घसा दाटायचा. आज चारचौघांसमोर लिहिते आहे. चारचौघांनी वाचावं असंच हे आहे.

जानेवारीतली ती रात्र आठवते ना? सकाळी ११ ला मी मक्याच्या कणसांवरच्या पिशव्या काढून केसांवर पराग टाकला होता. (तुम्ही त्यांना मिशाच म्हणायचात, आणि आता मीही म्हणते.) तिथून पुढे दर दोन तासांनी एकेका कणसाच्या मिशा कापून बाटलीत टाकायच्या होत्या. रात्री नऊपर्यंत मी कशीबशी तग धरली, मग तापाने उभं राहवेना. तुम्ही शेताचे रखवालदार, हे तुमचं काम नव्हतं. "पडा ताई तुम्ही. तीन दिवस बघतोयच की मी," एवढंच म्हणालात आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतलीत. सकाळी बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. मी धड आभारही न मानता गाडीत बसले.

महिन्याभराने त्या मिशा सोड्यात मऊ केल्या, ॲनिलीन ब्लूमध्ये रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. अतिनील प्रकाशात परागनलिका, म्हणजे परागातून फुटून मिशीच्या आतून दाण्याकडे धावणाऱ्या बारीक नळ्या, पिवळ्या-हिरव्या पेटतात. उबदार हवेत मक्याची नलिका तासाला साधारण एक सेंटीमीटर वाढते. पराग केवढा आणि मिशी केवढी, वीतभर लांब! थंडीच्या रात्री ही धाव किती मंदावते, तेवढाच माझा प्रश्न होता. आलेख शिस्तीत मंदावत गेला आणि आठव्या बाटलीशी, म्हणजे रात्री तीनला, एकदम उसळला. ऐन कडाक्याच्या थंडीत हा जोर आला कुठून? दोन दिवस मी काय काय तर्क लढवले, ते सांगायचीही लाज वाटते.

मग बाटलीतली चिठ्ठी चिमट्याने बाहेर काढली. शाई अल्कोहोलात धुऊन जाते, म्हणून पेन्सिलीने लिहून आत टाका, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या ठसठशीत अक्षरात होतं: "ताई हे ३ चं नाही. डोळा लागला. ३ ४० ला कापलं."

बिंदू चाळीस मिनिटं पुढे सरकवला, तर गुमान रेघेवर जाऊन बसला. मी मात्र प्रयोगशाळेत एकटीच रडत बसले.

का रडले, ते सांगते. त्याआधीचा अख्खा हंगाम मी दुसऱ्या एका ठिकाणच्या नमुन्यांवर घालवला होता. काम शिकलेल्या, पगारी माणसांचं. लेबलं छापील, वेळा घड्याळाच्या ठोक्यावर: १, ३, ५, ७. आणि नलिका बघाव्यात तर सगळ्या बाटल्यांत सारख्याच लांब! एकाच संध्याकाळी सगळं कापून, चहा पिऊन मंडळी घरी गेली होती. विचारलं तर म्हणे, "मॅडम, थोडं मागंपुढं चालतं." नाही चालत हो. माझं एक वर्ष गेलं त्या मागंपुढंमध्ये.

तुम्हाला कोण बघत होतं? नुसतं ३ लिहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मी थंडीत जोर धरणाऱ्या नलिकेचा शोध लावून मोकळी झाले असते आणि पुढच्या कुणीतरी तो खोडून काढला असता. सापडलेलं पाकीट परत करणाऱ्याची पेपरात बातमी येते, ती यावीच. पण स्वतःची डुलकी पेन्सिलीने लिहून देणारी माणसं कुठल्या पानावर छापायची? अशी माणसं असतात, म्हणून तर निम्मं जग चालतं. आमच्या क्षेत्रात तर निम्म्याहून जास्त.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवलं, "सगळ्या वेळा पूर्ण तासाच्या, मग हे ३:४० काय?" मी चिठ्ठीची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ गप्प राहिले आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

अजून एक. शेकोटीपाशी मी तुम्हाला सांगितलं होतं की परागनलिका दोन पुरुषपेशी घेऊन जाते. एकीपासून अंकुर होतो, दुसरीपासून दाण्यातला पिठूळ भाग. नावाशिन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये हे लिलीसारख्या फुलांत पाहिलं होतं. तुम्ही काटकीने निखारे सारत म्हणालात, "म्हणजे भाकरीलाबी बाप असतो म्हणा की." हे वाक्य मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगते आणि कुणाचं आहे तेही सांगते.

तुम्ही कापलेल्या मिशा पेटलेल्या कशा दिसतात, ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही. आठव्या बाटलीचा फोटो मोठा करून घेतलाय. संक्रांतीच्या आसपास घेऊन येते.

तुमची,
ताई