कर्कशपणा तबकडीचा नव्हे, रबराचा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी आमच्या फोंडा परिसरातील एका घरगुती मैफलीत यजमानांनी पणजोबांच्या काळातील चावीचा ग्रामोफोन मोठ्या हौसेने लावला. तबकडी केसरबाई केरकरांची होती. तान वर चढू लागली की पत्र्याचा डबा खडखडावा तसा आवाज कर्ण्यातून येई, आणि जमलेली मंडळी ‘जुना आवाज असाच असायचा’ असे म्हणून माना डोलावत होती. हा समज गोव्यात इतका रुजलेला दिसतो की, त्याविषयी आपल्या पत्रातून चार शब्द लिहावेत असे वाटले. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत सुईची खरखर असते आणि ती राहणारच. परंतु वरच्या सुरांना फुटणारा आणि खर्ज गिळून टाकणारा आवाज बहुतेक वेळा साउंडबॉक्समधील मेलेल्या रबराचा असतो.

साउंडबॉक्स म्हणजे सुई धरणारी गोल डबी. तिच्यात अभ्रकाचा, आणि नंतरच्या काळातील यंत्रांत ॲल्युमिनियमचा, पातळ पडदा दोन रबरी कड्यांच्या मध्ये धरलेला असतो. खाचेतून जाणारी सुई डावी-उजवीकडे हलते, ती हालचाल एका लहानशा दांडीतून पडद्याच्या मध्यावर पोहोचते आणि पडदा हवेला धक्के देतो. कर्णा तेवढेच मोठे करून ऐकवतो, कारण या यंत्रात वीज कुठेच नाही. पडद्याला मोकळेपणाने हलता यावे, पण त्याच्या काठातून हवा निसटू नये, ही दोन्ही कामे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या त्या पोकळ रबरी नळ्यांना करावी लागतात. हवेतील प्राणवायू आणि ओझोन रबरावर सतत काम करीत असतात, त्यामुळे ऐंशी-नव्वद वर्षांनी त्यात लवचीकपणा उरत नाही. आजोबांच्या यंत्राचा ‘एक्झिबिशन’ नावाच्या प्रकारातला साउंडबॉक्स मी पहिल्यांदा उघडला तेव्हा आतल्या कड्या वाळून कडकडीत झालेल्या कोकमाच्या सोलांसारख्या निघाल्या; टाचणीने टोकरताच त्यांचे तुकडे पडले. डबी टोनआर्मला, म्हणजे आवाज कर्ण्याकडे नेणाऱ्या पोकळ नळीला, ज्या जाड रबरी चकतीतून जोडलेली असते, तीही भेगाळून आक्रसली होती.

आवाज बिघडतो एवढ्यावर हे थांबत नाही. पडदा जखडला की सुईही जखडते, आणि शंभर ग्रॅमहून अधिक वजनाखाली फिरणारी जखडलेली सुई खाचेच्या भिंती खरवडत जाते. केसरबाईंच्या किंवा कुर्डीच्या मोगूबाईंच्या त्या काळच्या लाखेच्या तबकड्या आता कोणी नव्याने काढणार नाही. सुई प्रत्येक बाजूला बदलण्याचा नियम अनेक जण कटाक्षाने पाळतात, तो योग्यच आहे. पण नवी सुई मेलेल्या रबरावर उपाय नव्हे.

दुरुस्ती महागडी नाही, नाजूक मात्र आहे. माझा दुसरा एक साउंडबॉक्स मी शहरातील एका कारागिराकडे दिला होता. त्याने भेगांत झटपट चिकटणारा गोंद भरला, पडदा काठाला कायमचा चिकटला आणि तो सोडवताना अभ्रकाचे पापुद्रे सुटले. दुसऱ्याला दोष देताना स्वतःचीही चूक सांगितली पाहिजे: त्याआधी मीच शिवणयंत्राचे तेल सोडून कड्या मऊ करायला गेलो होतो, आणि तेलाने रबर फुगून चिकट काळा लगदा झाला होता. सायकलची व्हॉल्व्हट्यूब कापून घालण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. तात्पुरती ती चालते, पण माझ्या यंत्रात ती दोन पावसाळेच टिकली. मऊ सिलिकॉनची योग्य जाडीची नळी त्याहून बरी. तिची टोके काटकोनात कापून एकमेकांना नेमकी टेकली पाहिजेत, कारण फट राहिली तर हवा तिथूनच जाते. मागचे स्क्रू एकामागून एक, थोडेथोडे आवळावेत. एकदम करकचून आवळले तर नवी नळीही दबून जुन्यासारखी वागते. शेवटी सुईची दांडी स्थिर असताना पडद्याला ढकलत किंवा ओढत नाही ना, हे पाहावे, आणि दांडी पडद्याला जिथे जोडली आहे त्या छिद्रावर मधमाशीच्या मेणाचा थेंब सोडावा. या शेवटच्या गोष्टींना माझी अख्खी संध्याकाळ गेली.

पर्यटकांच्या बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचे जे नवे बनावट ग्रामोफोन मिळतात, त्यांना हे लागू नाही. त्यांवर जुनी तबकडी लावूच नये.

चतुर्थीची साफसफाई जवळ आली आहे आणि माळ्यावरची यंत्रे खाली उतरतील. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांना, तसेच ज्या संस्थांच्या संग्रहात ती आहेत आणि समारंभांत वाजवून दाखवली जातात त्यांनाही, माझी विनंती आहे की रबर बदलल्याशिवाय घरातील चांगली तबकडी लावू नये. चाचणीसाठी एखादी झिजलेली, तडा गेलेली तबकडी बाजूला ठेवावी. कारागिरांनी काढलेले जुने भाग, तुकडे झाले असले तरी, मालकाला परत करावेत, कारण नव्या नळीची जाडी त्यांवरूनच कळते. कला व संस्कृती खात्याने अशा दोन-चार कारागिरांना हे काम शिकवण्याची सोय केली, तर खर्च फारसा येणार नाही.

त्या मैफलीतील यजमानांचा साउंडबॉक्स सध्या माझ्या टेबलावर उघडा पडलेला आहे. चतुर्थीच्या आत तो त्यांना परत द्यायचा आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा